तुसाच्या धगीतला पापुद्रा

माझी मुलगी अपेक्षा मुंबईत संशोधन करते. श्रावणात ती पोलादपूरला घरी आली तेव्हा एक डबी बरोबर होती. आत काचेच्या दोन तुकड्यांवर नखाएवढे दोन पांढरे पापुद्रे. मॉलिब्डेनम नावाच्या धातूचं ऑक्साइड, अणूंचे थर एकावर एक. उजेड पडला की त्यातून वीज वाहायला हवी होती, ती वाहत नव्हती. सोमवारी सरांना काही दाखवता आलं नाही तर तीन वर्षांचं काम बंद होणार होतं.

ती महाडला बाजारात गेली. मी डबी उघडली तर आत ओल. रखमा, माझी बायको, गेल्या वर्षी वारली. मीठ ओलं झालं की ती मडक्यात भाताचं तूस धुमसत ठेवायची, वर खापरीत मीठ, तोंडाला झाकण. मी एक पापुद्रा तसाच मडक्यात सुकायला ठेवला.

काढला तर निळा!

अपेक्षा आल्या आल्या ओरडली, "बाबा, भाजलात?"

"सुकवला गो."

ती मटकन बसली. मग एकदम उठली. "निळा? म्हणजे ऑक्सिजन निसटला!"

अंगणात ऊन पडलं होतं. तिने मीटर जोडला. आकडा चढला.

"टोपली झाका!"

मी कोंबड्यांची टोपली पापुद्र्यावर उपडी घातली. आकडा हळूहळू उतरला. उचलली, पुन्हा वर! मी झाकतोय, उचलतोय, आम्ही दोघं हसतोय.

बांधावरून शेजारचा मालोजी ओरडला, "भागोजी, कोंबडी बसवलीस काय रे?"

"वीज उबवतोय!"

अपेक्षा सांगत होती, "सगळे अणू जागेवर असले की थर गप्प बसतो. झाकलेल्या मडक्यात धुमसतं तूस ऑक्सिजन ओढून घेतं. त्याचे थोडे अणू निसटले की मागे इलेक्ट्रॉन राहतात, उजेड त्यांना पळवतो. फार निसटले तर अंधारातही वीज वाहते, मग उपयोग नाही. किती वेळ ठेवलात?"

"दोन चहा झाले."

"मिनिटं?"

"घड्याळ कोण बघतो?"

मग मी पुन्हा दोन चहा केले आणि ती घड्याळ लावून बसली. सव्वीस मिनिटं. दुसराही निळा झाला, त्याचाही आकडा चढला. ती चिखलात नाचली, मीही नाचलो. मालोजी टोपली डोक्यावर घालून नाचला.

तिने सरांना फोन लावला.

"भट्टी कुठली वापरलीस?"

"मडकं, सर."

सर म्हणाले, "सोमवारी मडकं घेऊन ये. आणि तूस. वडिलांना वेळ असेल तर त्यांनाही."

"हाय, वेळ हाय," मी लांबूनच ओरडलो आणि तुसासाठी पोतं शोधायला पळालो.