अक्षरं मधे आणा

मी काकड्या म्हाताऱ्याची घुंगरांची काठी बोलतेय. बांबूची, पुरुषभर उंच. वेवजीजवळच्या आमच्या पाड्यात भोपळ्याचा तारपा वाजायला लागला की नाचणाऱ्यांच्या पुढे मी. बाकी वर्षभर काकड्याच्या ओटीवर टेकून असते. घर शाळेला अगदी लागून, त्यामुळे तिथं काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं. चौकशा करू नयेत हे खरं, पण कान काय मिटता येतात?

यंदा पहिलीला निर्मलाबाई आल्या. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या, मासे विकणाऱ्या घरातल्या. आवाज असा की पलीकडच्या पाड्यातली कोंबडी दचकावी. त्यांनी पोरांना बसवलंच नाही. अक्षराचा आवाज तोंडानं काढायचा आणि अंगानं करून दाखवायचा, ही त्यांची रीत.

"व व वारा, डुला डुला! ज ज जाळं, फेका फेका! न न नांगर, ओढा ओढा!"

ताल धरायला त्या मला मागायला आल्या, तर काकड्या कुरकुरला. "नवा भात घरात आल्याशिवाय तारपा निघत नाही, बाई."

"तारपा नको हो आजोबा, नुसती काठी द्या. वाजवायचं काम पोरांची तोंडं करतील."

झालं! रोज सकाळी पोरांचा गोल, मधे बाई आणि मी. अक्षरांचे तक्ते चारी भिंतींवर. बाई मला आपटायच्या आणि ओरडायच्या, "भिंतीकडे बघा रे!" एकही पोर वळत नसे. महिनाभरात गाणं तोंडपाठ झालं, पण अक्षर समोर धरलं की सगळी गप्प. सगळ्यांत गप्प भिकी, काकड्याची नात.

तिची आई पुष्पा घोलवडच्या वाडीत चिकू भरायला जायची आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर. एक दिवस तिनं बाईंना दारातच गाठलं.

"नाचायला आमचं अंगण काय लहान होतं? दिवाळीनंतर हिला नेते मी भट्टीवर. धाकट्याला तरी सांभाळेल."

"दिवाळीपर्यंत थांब. तिनं वाचून दाखवलं तर आज्याकडे ठेवशील?"

"दाखवू दे, मग ठेवीन!"

त्या संध्याकाळी मला परत करताना बाईंचा चेहरा उतरला होता. "पोरं भिंतीकडे बघतच नाहीत हो, आजोबा."

काकड्यानं विडी विझवली. "कशी बघतील? मधे वाजवणारा असतो. नाचताना त्याला आमच्यात कुणी पाठ दाखवत नाही. तुम्ही त्याच्याच जागी उभ्या."

"महिनाभर ओटीवर बसून बघताय, सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

बाई आधी चिडल्या, मग हसल्या. दुसऱ्या दिवशी तक्ते खाली आले. गोलाच्या मधे राखेनं हातभर अक्षरं काढली आणि बाई मला घेऊन नाचाच्या पुढे आल्या. म्हणाल तो आवाज, त्याच अक्षरावर नजर. पोरं आता कंबर धरून फिरायची, आणि प्रत्येक आवाजाला भिकीची टाच जमिनीवर पडायची. पण घरी कुणी विचारलं की तोंडाला कुलूप.

दिवाळी सरली. भट्टीची जीप दारात आली. पुष्पानं भांडी भरलेलं चिकूचं खोकं ओटीवर ठेवलं आणि वरच्या छापील अक्षरांवर बोट ठेवलं. "वाच."

भिकीनं अक्षरांकडे बघितलं, मग आज्याकडे. जीपवाल्यानं हॉर्न दिला. शाळेतून धावत आलेल्या बाई काही बोलणार, तोच काकड्यानं त्यांना हातानं थांबवलं आणि मला एकदा जमिनीवर आपटलं. छम!

पोरीची टाच हलली. "व..." अंग डुललं. "ज..." हात फेकला गेला. "न." दोन्ही मुठींनी ओढलं. मग एका दमात, "वजन!"

पुष्पा खोक्याकडे बघतच राहिली. "इतकी वर्षं डोक्यावरून वाहिलं मी हे. काय लिहिलंय ते आज कळलं."

पुष्पा दिल्या शब्दाला जागली. पोरीचं गाठोडं जीपमधून तिनं स्वतः उतरवलं. जीप दिसेनाशी होईपर्यंत भिकी रडली नाही. मग मात्र मला मिठी मारून जी रडली! माणसं पोरांच्या शाळेचं मोठमोठ्यानं बोलतात; त्यासाठी घरात काय काय तुटतं ते माझ्यासारख्या ओटीवरच्यांनाच दिसतं.

आता माझं खालचं टोक चिरलंय, दोन घुंगरं गळलीत. काकड्या म्हणतो, नवीन करू. मी म्हणते, अजून चालते. वाटेनं जाताना आमचा दंगा कानावर आला तर "ही कसली शाळा" म्हणून हसू नका. आत या, एखाद्या पोराची कंबर धरा, दोन फेऱ्या मारा आणि मग बोला.

गोलात सध्या काना-मात्रा चालू आहेत. पण भिकीला धीर नाही. रोज सकाळी ती माझ्याहून निम्मी पोर मला फरफटत शाळेत नेते आणि बाईंना म्हणते, "जोडाक्षर शिकवा. आई यायच्या आत मला 'पुष्पा' वाचायचंय."

"अगं, त्याला वेळ आहे!"

"मग आत्तापासून धरू," असं म्हणून ती दोन्ही हातांनी मला उचलते आणि आपटते. छम!