जाळीच्या पिशवीतली फांदी

मंगळवारी सकाळी सात वाजता रेडिओने पावसाची बातमी दिली आणि मार्ला ट्रेस्कने तोंडाला लावलेला कॉफीचा कप तसाच खाली ठेवला. गुरुवारी दुपारपासून पाऊस, तो थेट शनिवारपर्यंत. ऑक्टोबरमधला पहिला मोठा पाऊस.

मेंडोसिनोच्या डोंगरात गांजा पिकवणाऱ्याला ही बातमी दर वर्षी येते आणि दर वर्षी ती चार दिवस लवकरच येते. मार्लाचं बाकीचं पीक कापून कोठारात टांगलेलं होतं. वाफ्यात एकच झाड उरलं होतं, आणि सगळा जीव त्याच्यावरच टांगणीला होता.

वसंतात तिला बापाच्या अवजारांच्या पेटीत तंबाखूचा जुना डबा सापडला होता. त्यात बारा बिया होत्या. बापाचं हे वाण डोंगरात दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नव्हतं. तुरा चुरगळला की ताज्या सोललेल्या संत्र्यासारखा वास यायचा. बारापैकी दोनच बिया उगवल्या, आणि नशीब असं की एक नर निघाला, एक मादी. मादीची कलमं तिने दोनदा लावली, दोन्हीदा ती सडली. मग तिने नराचे पराग रंगाच्या बारीक कुंचल्याने मादीच्या एकाच फांदीवर फिरवले आणि त्या फांदीला पातळ जाळीची पिशवी बांधली. बी धरलेल्या फांदीवर पाखरं तुटून पडतात, म्हणून. बी पक्कं व्हायला पाच आठवडे लागतात. गुरुवारी चौतीस दिवस भरणार होते.

"फक्त दोन दिवस," ती धाकट्या भावाला म्हणाली. व्हर्न दारात बूट झटकत होता. सकाळच्या धुक्याने त्याची दाढीसुद्धा ओली झाली होती.

"दोन दिवस म्हणजे दोन रात्रींचं दव," तो म्हणाला. "थंडी बघितलीस? पानांच्या कडा जांभळ्या पडल्यात. अशा हवेत बुरशी घराची बेल वाजवून येत नाही. ती पिशवी काढ आणि आत बघ."

"बत्तीस दिवस सांभाळली ती आता काढू? पाखरं काय तुझी वाट बघत बसणारेत?"

"बाळाला टोपडं घालावं तसं घातलंयस तू त्या फांदीला. आत गुदमरत असेल ते!"

 मार्लाने कोपऱ्यातला ब्लोअर उचलला आणि वाफ्याकडे निघाली. अंगणातली वाळकी पानं उडवायचं ते यंत्र. डोंगरात धुकं पडलं की सगळे त्याने झाडं वाळवतात. तिने ते अगदी हळू चालवलं. तुऱ्यांवरचं पाणी धुरासारखं उडालं. झाड तिच्या डोक्याच्याही वर गेलेलं होतं, आणि संत्र्याचा तो वास आला तसं तिला एकदम खुदकन हसू फुटलं.

तेवढ्यात तिला ते पाखरू दिसलं. मुठीएवढं, काळ्या टोपीचं. जाळीच्या पिशवीला उलटं लटकून ते चोच मारत होतं.

"हुश! चालती हो, चोरटे!" मार्लाने हात उडवला. पाखरू कुंपणावर जाऊन बसलं आणि ती चार पावलं मागे सरकताच पुन्हा पिशवीवर आलं. बरोबर त्याच जागी.

"थांब," मागून व्हर्न म्हणाला. "हाकलू नकोस तिला. महिनाभर ही पिशवी इथे आहे. किती वेळा आली होती ती?"

"एकदाही नाही."

"मग आज कशाला आली? बी तर कालही होतंच की."

मार्लाचा हात हवेतच राहिला. ती पिशवीजवळ गेली. चोच लागली होती त्या जागी, जाळीआड, हिरव्यागार तुऱ्यात एकच बारीक पान तपकिरी पडलं होतं. या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल, ते पान ओढून बघायचं. अलगद हातात आलं तर आत घात झालाय. तिने गाठ सोडली आणि पान ओढलं. ते लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं.

तुरा फाकवला तर आत करंगळीच्या नखाएवढी हिरवी अळी, तिच्या मागे काळ्या विष्ठेचे दाणे आणि त्या दाण्यांवर राखाडी बुरशी. पतंगाने अंडी घातली असणार ती पिशवी बांधण्याच्या आधीच. तिने पाखरांना बाहेर ठेवलं होतं आणि चोराला आत कोंडून वर गाठ मारली होती.

"मीच," ती म्हणाली. "मीच गं बाई, या दोन हातांनी."

"रडगाणं नंतर. किती गेलंय ते बघ."

एकूण पाच तुरे होते. सगळ्यात वरचा गेला होता. त्याच्या खालच्यात दुसरी अळी सापडली, पण बुरशी नव्हती. इतक्या उशिरा फवारणी चालत नाही. बोटं आणि डोळे, एवढंच हत्यार. मार्लाने सुरी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसली, सडलेल्या जागेच्या दोन बोटं खाली छाट दिली आणि पुन्हा सुरी पुसली. उरलेले चारही तुरे तिने पाकळी पाकळी फाकवून बघितले. तिसरी अळी निघाली. चौथी नाही.

"आता कापून टाक सगळी फांदी," व्हर्न म्हणाला. "मिळेल ते बी घे."

तिने छाटलेल्या तुऱ्यातली एक बी सोलून नखाने दाबली. ती फिक्या पोपटी रंगाची होती आणि पचकन फुटली. म्हणजे अजून कच्चीच.

"नाही कापत. पिशवी बांधायची नाही, वारा लागू दे. पाखरं राखायला मी बसते."

"दोन दिवस? बुजगावण्यासारखी?"

"तू दुपारचा बसशील. तुझा चेहरा तसाही त्या कामाचा आहे."

मंगळवार-बुधवार असेच गेले. सकाळी ब्लोअर, मग तुरे तपासणं, मग खुर्ची. व्हर्नने तव्यावर उलथनं बडवायचं ठरवलं. त्याने पाखरं पळाली नाहीत, मार्ला मात्र दोनदा दचकली. काळ्या टोपीवालीला तेवढी मुभा होती. मार्लाने काढलेल्या अळ्या खुर्चीच्या पायाशी टाकल्या आणि तिने त्या बिनधास्त येऊन नेल्या. बुधवारी संध्याकाळी एक कवच जरासं उकललं. आत काहीतरी गडद दिसलं. मार्ला इतक्या जोरात ओरडली की व्हर्न हातातलं बीन्सचं भांडं घेऊनच धावत आला.

गुरुवारी सकाळी पश्चिमेकडचा डोंगर ढगात बुडाला. दहा वाजता वारा आला. अकराला व्हर्न म्हणाला, "काप." मार्ला म्हणाली, "अजून." साडेअकराला तो काही न बोलता कात्री घेऊन शेजारी उभा राहिला. बाराला दहा कमी असताना पहिला थेंब तिच्या मनगटावर पडला.

तिने फांदी कापली आणि कोटाच्या आत छातीशी धरून कोठाराकडे पळत सुटली. साठीच्या बाईने पळावं त्याहून जोरात. व्हर्न मागून ओरडत होता, "पडशील, येडे!" आणि स्वतःच चिखलात घसरला.

पत्र्यावर पावसाचा ताशा सुरू झाला. खिडकीपाशी तिने पहिलं कवच सोललं. बी तपकिरी होती, वाघाच्या अंगासारखे गडद पट्टे असलेली. तिने ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबली. मग आणखी जोर लावून दाबली.

"बोल ना!" व्हर्न म्हणाला.

"फुटत नाही," मार्ला म्हणाली. "व्हर्न, फुटत नाही रे ही!"

त्याने स्वतः दाबून बघितली, दातांत धरायला गेला, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली. मग दोघंही लहानपणी हसायचे तसे खो खो हसत सुटले. एकवीस बिया निघाल्या. पाच फिक्या होत्या, सोळा पक्क्या.

मार्लाने बापाचा डबा उघडला आणि आठ बिया आत टाकल्या. झाकण लावता लावता ती थांबली. उरलेल्या आठ तिने कागदाच्या पुडीत बांधल्या आणि भावापुढे धरल्या.

"मला कशाला?"

"बाबांनी सगळं एका डब्यात ठेवलं, मी सगळं एका पिशवीत. पुरे झालं. या तुझ्या घरी ठेव, कोरड्या जागी."

व्हर्नने पुडी शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि वरून तळहात दाबून धरला.

"आणि स्वयंपाकघरात नको," मार्ला म्हणाली. "मिरी समजून सुपात टाकशील."