देनवेच्या पलीकडे

कुंकवाच्या करंड्याचं झाकण ऋतुजाच्या हातून निसटलं आणि किणकिणत, गरगरत कॉटखाली जाऊन एकदाचं आडवं झालं.

"असू दे, मग काढ," तिच्या सासूबाई, निर्मलाबाई म्हणाल्या.

त्यांनी बोटाच्या टोकाने फोटोतल्या दीप्तीला कुंकू टेकवलं. अविधवा नवमी होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायचा दिवस. जवळच्या पिपलानीहून आलेल्या अलकाकाकू खीर-वडे जेवून, ओटी घेऊन नुकत्याच गेल्या होत्या. ईराची शाळेची बस यायच्या आत फोटो पुन्हा कपाटाच्या तळाशी जायचा होता.

दीप्ती निखिलची पहिली बायको. ईरा रांगायलाही लागली नव्हती तेव्हा तापाचं निमित्त होऊन गेली. पुढे ऋतुजा अवधपुरीतल्या या घरात आली, आणि नुकती बोलायला लागलेली ईरा तिलाच आई म्हणाली. मोठी झाली की सांगू, असं घरात ठरलं. मोठी म्हणजे केवढी, ते मात्र ठरलं नव्हतं. आजचं जेवण पणजीबाईंचं, असं ईराला दरवर्षी सांगत.

फोटो जुन्या साडीत गुंडाळण्याआधी ऋतुजाने तो क्षणभर हातात धरला. लाकडी व्हरांडा, हिरवी वेताची खुर्ची, मागे रुंद पाणी. खुर्चीत दीप्ती, एक हात पोटावर. हसत होती, पण कॅमेऱ्याकडे बघून नव्हे. कॅमेरा धरणाऱ्याकडे बघून.

दुपार कलताना निखिल लॅपटॉप घेऊन बसला. पावसाळ्यात बंद असलेलं सातपुड्याचं जंगल थोड्याच दिवसांत उघडणार होतं, आणि ईराने शेर बघायचा हट्ट धरला होता. शाळेतल्या हिंदीत तिचा वाघ केव्हाच शेर झाला होता. रात्री राहायचं कुठे, एवढंच ठरायचं होतं. मढईला देनवा नदीच्या अलीकडे रिसॉर्टं होती. एकात पोहायचा तलाव, एकात तंबू, एकाचं जेवण चांगलं म्हणे. निखिल एकेक दाखवत होता, आणि मधलं एक पान दर खेपेला घाईने पुढे ढकलत होता.

"ते का नको?" ऋतुजाने विचारलं.

"वनखात्याचं विश्रामगृह आहे. जुनं झालंय. नदीपलीकडे, नावेतून जावं लागतं. नेटवर्क पण नाही."

"मागे घे जरा."

त्याने घेतलं. व्हरांडा तोच होता. खुर्ची आता निळी रंगवली होती. पाणी तेवढंच रुंद.

ऋतुजा बोटाला लागलेलं कुंकू पदराला पुसत राहिली. या घरातले डबे, पडदे, कपाटातले कप्पे, सगळं तिने आपल्या हाताने बदललं होतं. तरी निखिल चहा करायचा तेव्हा साखर दीप्तीच्याच अंदाजाने पडायची, आणि तो गोडमिट्ट चहा ती मुकाट्याने पीत आली होती.

"इथेच राहू," ती म्हणाली.

"ऋतू, उगाच कशाला?"

"अलीकडे राहिलो तर तू रात्रभर पलीकडे बघत बसशील."

निखिलने लॅपटॉपची कड नखाने खरवडली.

"तेव्हा ईरा पोटात होती," तो म्हणाला.

"म्हणजे तीही जाऊन आलीय. आपल्यात नवखी मी एकटीच."

तो हसला नाही, तीही नाही. मग तिनेच पुढे वाकून बटण दाबलं. खोली मिळाली. आतून सासूबाईंच्या कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला, किल्ली फिरली.

आणि पाठोपाठ दाराशी किणकिण झाली. कॉटखालचं झाकण ईराला सापडलं होतं. शाळेच्या कपड्यांतच उंबऱ्याशी उकिडवी बसून ती ते भोवऱ्यासारखं फिरवत होती. केव्हापासून, कोण जाणे.

ऋतुजाने हात पुढे केला. ईरा उठून आली, मांडीवर चढली, आणि तिच्या पोटावर आपला तळवा ठेवून तिने वर पाहिलं.

"आई, मी इथे आत होते ना, तेव्हा तिथे तुला शेर दिसला होता?"