सहावा सेल

अँपिअरने बॅटरीची सहाही झाकणं उघडली आणि काचेची पिचकारी एकेका भोकात बुडवून पाहिली. पिचकारीच्या आत एक काटा तरंगत असतो. तो वर राहिला तर सेल चांगला, खाली बसला तर गेला. पाच वेळा काटा वर राहिला. सहाव्या वेळी तळाला जाऊन बसला.

"बघा काका, घरातले पाच राबतायत आणि एक लोळत पडलाय," अँपिअर म्हणाला. "आता हा एकटा बाकीच्या पाचांना घेऊन बुडणार."

अँपिअर हे त्याचं खरं नाव नव्हे. दर दोन वाक्यांमागे तो हा शब्द काढतो, म्हणून आम्हा ड्रायव्हरांनी त्याला तेच नाव ठेवलं. तीस वर्षं माझ्या गाड्यांना बॅटरी त्यानेच बसवली. आठवडाभर माझी गाडी सकाळी किल्ली फिरवली की कण्हत होती, दिवे मंद होत होते, म्हणून मी ती त्याच्याकडे नेली होती.

"काढतो ही आणि नवी बसवतो," तो पाना उचलत म्हणाला. "चार वर्षं झाली. तुमचा तर नियमच आहे."

नियम होता खरा. अडतीस वर्षं मी भाड्याची गाडी चालवली. पहाटे गिऱ्हाईक दारात बॅगा घेऊन उभं आहे आणि गाडी सुरू होत नाही, असं माझ्या बाबतीत एकदाही झालं नाही. चौथं वर्ष भरलं की चालती बॅटरीसुद्धा मी काढून टाकायचो. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. मग कधीतरी माझ्याकडेच गाडीला धक्का मागायला यायचे.

"चार्ज करून दिलीस तर किती चालेल?" मी विचारलं.

अँपिअरने पाना खाली ठेवला. "हे तुम्ही विचारताय? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"सांग तर."

"कमी अँपिअरवर दिवसभर लावली, तर चालेल दोन महिने. फार तर तीन. तेही तिची मर्जी असेल तर."

"मग चार्जच कर."

त्याने हात फडक्याला पुसले. "काकू कशा आहेत?"

"आहे. दर मंगळवारी न्यावं लागतं."

"मग तर नवीच घ्या ना! हॉस्पिटलच्या दारात गाडी पडली म्हणजे? काका, दात कोरून पोट भरत नाही."

"चार्ज कर म्हटलं ना एकदा!"

माझा आवाज इतका चढला की शेजारचा पंक्चरवाला मान वर करून बघायला लागला. तात्पुरती म्हणून अँपिअरने स्वतःजवळची एक बॅटरी माझ्या गाडीत टाकली आणि माझी उचलून चार्जरला लावली.

माझ्या बायकोचं यकृत गेलं होतं. पोटात पाणी भरायचं, ते दर मंगळवारी सुई घालून काढावं लागायचं. अठरा दिवसांपूर्वी डॉक्टरने मला एकट्याला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, आता औषधाचा उपयोग नाही, थंडी संपेपर्यंत धरून चाला. मी परत येऊन तिला म्हटलं, औषध लागू पडतंय, जरा वेळ लागेल इतकंच. त्यानंतर मी ताकाला तूर लागू दिली नाही. तिच्यासमोर हसलो, जेवलो, छताला रंग द्यायच्या गोष्टी केल्या. मला वाटलं, जमलं.

घरी आलो तर ती खिडकीजवळ खुर्चीत बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. अंगावर दोन स्वेटर. पोट पुढे आलेलं आणि हात काडीसारखे. चेहरा पिवळा पडला होता, पण जीभ होती तशीच होती.

"बदलली?" तिने विचारलं.

"चार्जिंगला टाकली."

"का? अँपिअरकडच्या नव्या संपल्या?"

"चालेल की अजून. उगाच कशाला फेकायची?"

तिने हातातला अभ्रा मांडीवर ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी पायातले बूट काढायला खाली वाकलो आणि नाड्या सुटल्या तरी तसाच वाकून राहिलो.

"अहो."

"काय?"

"अडतीस वर्षांत तुम्ही कधी बॅटरी चार्ज करून चालवलीत?"

मी बूट उचलून कोपऱ्यात ठेवले.

"माझ्या बाळंतपणात घरात दिवा नव्हता, पण गाडीत बॅटरी नवी होती. तेव्हा मी किती भांडले होते! तुम्ही काय म्हणाला होतात? गाडीच्या बाबतीत पुढचं बघून चालावं लागतं." ती थांबली. "आता पुढचं बघायचं नाहीये का?"

तोवर मला स्वतःलाच कळलं नव्हतं मी दुकानात तसं का बोललो. तोंडातून निघून गेलं होतं. मंगळवार संपले की ती गाडी घेऊन मी कुठे जाणार, असं काहीतरी आत कुठेतरी बसलेलं असणार. तिने ते माझ्याआधी वाचलं.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"काही नाही. म्हणजे..."

"मला शेंडी लावू नका. कधी म्हणाला ते सांगा."

"अठरा दिवस झाले," मी म्हणालो.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने अभ्रा उचलला, घडी घातली, पुन्हा मोडली.

"अठरा दिवस," ती म्हणाली. "ते माझे होते हो. तुम्ही ठेवून घेतलेत."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"धाकटीनेही हेच सांगितलं होतं मला."

धाकटी म्हणजे तिची बहीण. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई धाकटीच्या घरी अंथरुणाला खिळली होती. ताईला उगाच काळजी नको, म्हणून धाकटी फोनवर रोज बरं आहे, बरं आहे म्हणत राहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा आईला नेऊनही झालं होतं. त्या दिवशी दारातच ही तिला म्हणाली, माझ्या आईचे शेवटचे दिवस तू एकटीने गिळलेस. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून शहाणा झालो नाही.

संध्याकाळी तिने अन्नाला हात लावला नाही. मी ताट घेऊन गेलो तर म्हणाली, "तुम्ही जेवा. तुम्हाला जमतं." मलाही गेलं नाही. दोन्ही ताटं झाकून ठेवली.

सकाळी उठलो तेव्हा ती आधीच तयार होऊन बसली होती. पायाशी पिशवी, पिशवीत दोन कपडे, औषधं आणि एक उशी.

"नवी बॅटरी घालून आणा," ती म्हणाली. "नाहीतर मलाच घेऊन चला तिकडे. मला धाकटीकडे जायचंय."

"सहा तासांचा रस्ता आहे. तुला बसवेल का?"

"नाही बसवलं तर आडवी होईन. मागची सीट कशाला आहे?"

"तिला कळवू का आधी?"

"नको. नाहीतर ती तोवर दारातच उभी राहील." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "तिचंही तेव्हा तुमच्यासारखंच तोंड उघडलं नसेल."

अँपिअरने आम्हाला दोघांना बघितलं आणि काही न विचारता नवी बॅटरी उचलून आणली. बोल्ट आवळताना मात्र त्याला राहवलं नाही. खिडकीतून आत वाकून म्हणाला, "काकू, काल काकांना काय झालं होतं हो? चार्ज कर म्हणून माझ्या अंगावर आले."

"म्हातारचळ," ती म्हणाली. "तू ऐकायचं नव्हतंस."

तो मोठ्याने हसला. ती हसली नाही. तिने उशी पोटाखाली सारली आणि पट्टा लावता येईना म्हणून तसाच हातात धरून ठेवला.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. गावाबाहेरचा पेट्रोलपंप मागे पडला. मग तिने रेडिओ बंद केला.

"आता सांगा. डॉक्टर काय काय म्हणाला, पहिल्यापासून. काहीएक गाळायचं नाही."

"आत्ता?"

"मग कधी?"

मी वेग कमी केला आणि डावीकडच्या बाजूने चालवू लागलो. डॉक्टरच्या खोलीबाहेर एक चाक मोडलेलं स्ट्रेचर होतं, तिथपासून सुरुवात केली. त्याने मला त्या स्ट्रेचरला टेकून उभं केलं, म्हणालो.

"आणि मी कुठे होते तेव्हा?"

"लांब, त्या टोकाच्या बाकावर. संत्रं सोलत होतीस."

"हो," ती म्हणाली. "अर्धं तुमच्यासाठी ठेवलं होतं. पुढे?"