जुनी माहिती, कामाची नाही

"फॉरमॅट मारा" हे दोन शब्द ज्यानं कुणी सेनगाव तालुक्यात आणले, त्याचं भलं होणार नाही. कंप्युटर हळू चालतो, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. उद्या पोरगं दहावीला नापास झालं तरी लोक म्हणतील, सरितामॅडम, एकदा फॉरमॅट मारून बघता का. मी सेनगावला कंप्युटरचा क्लास चालवते. पाटीवर "घरी येऊन दुरुस्ती" असं मी कुठंही लिहिलेलं नाही. तरी लोक बोलावतात आणि मी जाते, कारण क्लासला येणारी पोरं याच लोकांच्या घरची असतात.

दोन हजार आठ सालची होळी नुकतीच झाली होती. दिवसभर लाईटचा पत्ता नव्हता, डोकं ठणकत होतं, आणि क्लास बंद करावा म्हणून उठले तर दारात विजयकुमार पोले उभा. हिंगोलीला एका शाळेत क्लार्क आहे. घर सेनगावच्या पुढं, जीपच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात.

"मॅडम, घरचा कंप्युटर वैताग देऊन राहिला. फोल्डर उघडलं की समदं गायब होतं. काय झालं, काहून झालं, बघूच नका. सरळ फॉरमॅट मारा. रविवारी मला तो हिंगोलीला खोलीवर न्यायचा हाय."

"आतलं काही ठेवायचं?"

"काहीच न्हाई," तो म्हणाला. बोलताना माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कीबोर्डच्या तक्त्याकडं बघत होता.

मी पुढं विचारलं नाही. त्याची बायको पूनम लेकराला घेऊन वाशीमला माहेरी गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. फारकतही झाली होती, आणि आता त्याला नवी स्थळं येत होती. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. सेनगावात असल्या गोष्टी न विचारता कानावर येतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली तशी मी जीप धरली. विजयकुमार शाळेत गेलेला. घरी त्याचे वडील उत्तमराव आणि आई पार्वतीबाई. घर शेतीवाडीचं, ओसरीवर तुरीची पोती लावलेली. मला बैठकीत बसवलं आणि चहा घरातल्याच कपात आला. आम्ही बौद्ध वस्तीतली माणसं. कप कोणता आला हे नको म्हटलं तरी नजर बघून घेते.

कंप्युटर चालू केला. डेस्कटॉपवर नुसता निळा रंग. आधी तिथं काही चित्र असावं, ते कुणीतरी काढून टाकलेलं. डी ड्राइव्ह उघडला, फोल्डरची रांग दिसली. मधल्या एका फोल्डरवर क्लिक केलं आणि स्क्रीनवरचं सगळं गेलं. खिडकी गेली, खालची पट्टी गेली, आयकॉन गेले. अडचण आली आहे, बंद करावं लागेल, असा इंग्रजीतून निरोप आला. थोड्या वेळानं सगळं परत येऊन बसलं, काही झालंच नव्हतं अशा थाटात.

"बघा," उत्तमराव म्हणाले. "जावयावानी रुसून राहिलं."

मी पिशवीतून विंडोजची सीडी काढली. सगळं पुसायचंच आहे तर रुसवा काढत कशाला बसायचं? तेवढ्यात म्हाताऱ्यांनी स्टूल पुढं ओढलं, दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, यात आमच्या नातीचे फोटू हायत. ऐश्वर्याचे. तेवढे काढता का? बाकी समदं जाऊ द्या. अन् विजयला सांगू नका."

"घरात दुसरे नाहीत?"

"कागदाचे व्हते ते त्यानं वाशीमला धाडून देले. मोबाइलमधले पुसले. हे तेवढे राहून गेले."

पार्वतीबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत.

खरं सांगते, मला रागच आला. बाप-लेकांनी एका ताटाशी बसून जे बोलायचं, ते कंप्युटरवाल्या बाईच्या गळ्यात. शिवाय विजयकुमार संध्याकाळी येणार, म्हणजे काम त्याच्या आत उरकायचं आणि तेही चोरून. पण त्या दोघांकडं बघून नाही म्हणवलं नाही.

"कोणत्या फोल्डरमध्ये आहेत?"

"डी मधी."

"डी मध्ये कुठं?"

"आसतील तिथंच."

मग मी आपली नेहमीची वाट धरली. त्या काळी पेनड्राइव्हबरोबर व्हायरस फुकट मिळायचे, म्हणून आधी अँटीव्हायरस लावला. तो बैलगाडीच्या चालीनं फिरला, दोन-तीन व्हायरस सापडले, ते काढले. फोल्डरवर क्लिक केलं, पुन्हा सगळं गायब. कंप्युटर सेफ मोडमध्ये चालू केला, तरी तेच. एखादा फोटो खराब झाला असेल तर त्याचं छोटं चित्र दाखवताना असं होतं, म्हणून ती चित्रं बंद केली. तरी तेच. मध्येच लाईट गेली, ती येईपर्यंत पार्वतीबाईंनी मला मुरमुरे खायला लावले. नंतर मी एकेक फोल्डर उघडून बघितलं. विजयकुमारची शाळेची कागदपत्रं, गाणी, एका लग्नाची शूटिंग, सगळं नीट उघडत होतं. खोट एकाच फोल्डरला होती. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत असं लिहिलेलं: बाजारभाव तूर सोयाबीन कापूस जुनी माहिती कामाची नाही.

"काका, हे एकच सडकं आहे," मी म्हटलं. "बाजारभावाचं. उडवून टाकते." आणि डिलीटचं बटण दाबलं.

म्हातारे स्टुलावरून ताडकन उठले. "आवं नका! त्यातच हाय पोरगी!"

दाबलेलं बटण फुकट गेलं म्हणून बरं. त्या फोल्डरनं डिलीट व्हायलाही नकार दिला होता. मी हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघितलं. मग कुठं त्यांनी सांगितलं. फोल्डरचं नाव आधी नुसतं ऐश्वर्या होतं. विजयच्या डोळ्याला पडू नये म्हणून त्यांनीच ते बदललं होतं.

"बियाला उंदीर लागू नये म्हनून वरून भुस्सा टाकतो न्हाई का आमी? तसं."

"काका, हे आधी सांगायला काय झालं होतं? दुपार गेली माझी."

"लपवलेलं कोन सांगतं, बाई?"

मी त्या लांबलचक नावाच्या जागी एकच अक्षर ठेवलं, क्लिक केलं, आणि फोल्डर मुकाट्यानं उघडलं. आत फोटो होते. दीड-दोन वर्षांची पोर, आजोबांची टोपी नाकापर्यंत घातलेली. तुरीच्या ढिगावर बसलेली. झोपलेली. आईच्या कडेवर रडणारी. पार्वतीबाई चौकट सोडून पुढं आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

फोटोंच्या शेजारी आणखी एक फोल्डर होतं: कुमारी ऐश्वर्या विजयकुमार उत्तमराव पोले. ते उघडलं तर आत तेच सगळे फोटो आणि त्याच नावाचं आणखी एक फोल्डर. त्याच्या आत पुन्हा तसंच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कंप्युटर फाइलचा पत्ता वाचतो तो पार वरच्या फोल्डरपासून, एकापुढं एक सगळी नावं जोडून. त्या पत्त्याच्या लांबीला मर्यादा असते. आत ही एवढाली नावं होतीच. त्यात वरचं छोटं नाव काढून म्हाताऱ्यांनी अख्खा बाजारभाव लावला, तेव्हा पत्ता मर्यादेबाहेर गेला आणि एक्सप्लोरर तो वाचता वाचता कोसळू लागला.

"हे एकात एक कुणी केलं?"

"मीच. पूनमनं शिकवलं व्हतं. नवीन फोल्डर, कॉपी, पेस्ट. तेवढंच येतं मला." त्यांनी एकदा बायकोकडं बघितलं. "विजय कंप्युटरपाशी बसला की मला भ्या वाटायचं. तो उठला की मी फोटूंची अजून एक जोड करून ठेवायचो. बाजूला ठेवली तर त्याला दिसली असती, म्हनून आतमधी. नंतर नंतर नवीन फोल्डर घीना झालं."

"आणि नाव एवढं लांब काहून?"

"पूर्न नाव नगं का? तिकडं शाळेत घालतील तवा बापाचं नाव लावतील का न्हाई, काय सांगावं. हितं तरी पूर्न राहू द्या."

माझा राग तिथंच विरघळला. मी पेनड्राइव्ह लावला, त्यात एक फोल्डर केलं, त्याला तेच पूर्ण नाव दिलं आणि फोटो त्यात घेतले.

"खालचे बी घ्या," उत्तमराव म्हणाले.

"तेच आहेत, काका."

"एकच जोड? बाई, बी कंदी एका घरात ठेवू नये. मी दरसाल थोडं डोंगरकडा गावाला बहिनीकडं ठेवतो. आपल्या घरात उंदीर लागला, घूस शिरली, तर पेरनीला काय?"

"दुसऱ्या घरातच चाललंय ना आता. इथं कंप्युटरच राहणार नाही, तर बघणार कशात?"

त्यांनी जरा विचार केला. "मंग तुमच्या क्लासात ठेवा. मी बाजाराच्या दिवशी सेनगावला येतच आसतो. घडीभर बघून जाईन."

मी हो म्हटलं. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला तोच अंगणात मोटरसायकल वाजली.

"झालं का?" विजयकुमारनं विचारलं.

"आता लावते," मी म्हटलं आणि त्याच्यासमोर फॉरमॅट लावला. स्क्रीनवर पिवळी रेघ मुंगीच्या पायानं पुढं सरकू लागली. तो माझ्या पाठीमागं थोडा वेळ थांबला, मग "मी बाहेर हाय" म्हणून निघून गेला. उत्तमराव मात्र रेघ संपेपर्यंत हलले नाहीत. फोटो माझ्या पर्समध्ये आहेत हे त्यांना माहीत होतं, तरी ते त्या रेघेकडं असे बघत होते की मलाच कसंतरी झालं.

पुन्हा विंडोज टाकून होईस्तोवर दिवस बुडायला आला. विजयकुमारनं मला मोटरसायकलवर जीपच्या थांब्यापर्यंत सोडलं. सोडलं, पण गेला नाही. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहिला.

"समदं गेलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, काही ठेवायचं नाही."

"व्हय." किल्ली थांबली. "एखादा फोटू बी न्हाई राहिला?"

मी पर्स काखेत घट्ट धरली.

"परवा झोपीतून उठलो तर पोरीचा चेहराच आठवंना," तो म्हणाला. "डोळे आठवतात. टोपी आठवते. पन अख्खी पोरगी डोळ्यासमोर येत न्हाई. मला वाटलं व्हतं, फोटू नसले की तकलीफ कमी व्हईल."

"वडिलांशी बोला."

"कोनत्या तोंडानं बोलू? त्यांच्या हातातून फोटू घेऊन मीच वाशीमला धाडले. माय तवा दोन दिवस जेवली न्हाई."

मी दमले होते. डोकं, पाठ, सगळं दुखत होतं, आणि मी म्हाताऱ्यांना शब्द दिलेला होता. उद्या क्लासमध्ये कॉपी करून देते, असं म्हणता आलं असतं. पण हा माणूस एकदा मागत होता. रात्र मध्ये गेली की त्याला लाज वाटली असती आणि तो पुन्हा माझ्या दारात आला नसता. मी पर्स उघडली आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

"कुठून आला ते मला विचारू नका. आणि पेनड्राइव्ह माझा आहे, सवडीनं परत करा."

त्यानं तो शर्टच्या खिशात ठेवला, वरून हात दाबून धरला. माझी जीप आली तरी तो तसाच उभा होता.

बाजाराच्या दिवशी उत्तमराव धुतलेलं धोतर नेसून क्लासमध्ये आले. मी एका पोराला उठवून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि स्क्रीनकडं बोट केलं. "दावा."

काय सांगायचं याचा मी चार दिवस विचार केला होता. त्यातलं काहीच कामाला आलं नाही.

"काका, फोटो माझ्याकडं नाहीत."

त्यांचं बोट खाली आलं. "उडाले?"

"नाही. विजयकुमारनं मागितले. मी देऊन टाकले. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला."

"त्यानं मागितले?"

"हो."

"सोताहून?"

"स्वतःहून. एखादा तरी राहिला का, म्हणून विचारत होते."

म्हाताऱ्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलून दोन्ही हातांत धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. क्लासमधली पोरं टायपिंग थांबवून बघायला लागली, तशी मी त्यांच्यावर खेकसले.

"तुमच्याजवळ आता एकही नाही, काका. त्यांच्याकडून मागून घ्या."

"घीन. पन आदी त्याला पोटभर बघू द्या." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, बाजाराची पिशवी उचलली आणि उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले. "बाई, तुमी फोल्डरला नाव काय देलं व्हतं?"

"तुम्ही ठेवलं होतं तेच."

"पूर्न?"

"पूर्ण. कुमारी ऐश्वर्या विजयकुमार उत्तमराव पोले."

त्यांनी मान हलवली. "म्हंजी उघडायच्या आदी त्याला वाचावं लागंल," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून बाजाराकडं निघाले.