ढोलाला बोलायचं नाही

"क्लच! अहो डॉक्टर, क्लच दाबा! तो ब्रेक आहे!"

गाडीने एक गचका खाल्ला आणि ती चौकाच्या मधोमध बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढायचं नावच घेईना. दातांचे डॉक्टर घामाघूम होऊन हसले. शेजारी बसून गाडी शिकवणाऱ्या ताईंनी कपाळाला हात लावला. लोकांच्या तोंडात यंत्रं घालून गरागरा फिरवणारा हा गृहस्थ, ह्याला पायाखालची पेडलं सांभाळता येईनात, आणि वर दात काढतोय!

तेवढ्यात फोन वाजला. नाचाच्या मंडळाच्या अध्यक्षांचा.

"ताई, आज तुम्ही दादांशी बोलताय ना? म्हणजे, मी सगळ्यांना तसं सांगून टाकलंय."

"मला न विचारता?"

"अहो, तुम्ही घरच्या. तुमचं ते ऐकतील. आम्ही बोललो तर बरं दिसणार नाही."

ताईंच्या तोंडावर अगदी आलं होतं, की आजवर तुम्ही बोललात त्यातलं काय बरं दिसलं? पण शेजारी डॉक्टरांनी पुन्हा भलतंच पेडल दाबलं, आणि त्यांना फोन मांडीवर टाकून स्टिअरिंग धरावं लागलं.

प्रकरण असं होतं. वाचनालयाच्या मागच्या दालनात दर शनिवारी संध्याकाळी मंडळी जमायची, हातात हात धरून जुने नाच नाचायची. ह्या मंडळाला सगळे नुसतं 'गोल' म्हणत. ढोल वाजवायचे ताईंचे थोरले भाऊ, दादा. त्यांच्या आधी त्यांचे वडील वाजवायचे. बासरीवर कोपऱ्यावरच्या दुकानातला औषधवाला. आणि गोलात पहिल्या जागी, ढोलाच्या अगदी समोर, ताई. पहिल्या जागेवरचं माणूस जी पावलं टाकेल ती बाकीच्यांनी टाकायची, अशी रीत.

दुसरीही एक रीत होती, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. ढोलाला बोलायचं नाही. ढोल चुकला, धावला, अडखळला, तरी वाजवणाऱ्याला कोणी चकार शब्द बोलायचा नाही. पायांनी सांभाळून घ्यायचं. वडिलांच्या काळात हे ठीक होतं, कारण ते चुकतच नसत. पण गेल्या वर्षभरात दादांचा ढोल असा काही धावायला लागला होता की विचारू नका. नाच सुरू व्हायचा फिरायला निघाल्यासारखा आणि संपायचा मागे कुत्रं लागल्यासारखा. औषधवाल्याचा श्वास पुरेना. तो मधेच बासरी काढून धापा टाकायचा आणि पुन्हा कुठल्या तरी भलत्याच ओळीत शिरायचा. तरी सगळे गप्प. पाय मुरगळून घेतील, पण बोलणार नाहीत!

शेवटी पोस्टातल्या बाई पडल्या. गिरकी घेताना पाय पायात अडकला आणि बाईंच्या घोट्याला प्लास्टर. मग अध्यक्षांच्या दिवाणखान्यात बैठक झाली आणि ठरलं, की ह्या शनिवारपासून, म्हणजे आजपासूनच, स्पीकरवर रेकॉर्डिंग लावायचं. दादांना 'सन्मानाने विश्रांती' द्यायची. हे शब्द अध्यक्षांचे. त्यांना असे शब्द सुचतात. सांगायचं काम तेवढं त्यांना सुचत नाही.

संताप ह्याचा होता की ताईंनाही ते पटत होतं. ढोल धावतोच होता. त्या स्वतः पहिल्या जागी उभ्या, त्यांचे तर नाकी नऊ यायचे. आठवडाभर दुसऱ्यांचे पाय सांभाळायचे, डॉक्टरांचे, वकिलांचे, नवऱ्याशी भांडून गाडी शिकायला आलेल्या बायकांचे. शनिवारची ही संध्याकाळ तेवढी त्यांच्या स्वतःच्या पायांची. डोळे अर्धे मिटून, डोक्यात काही न ठेवता नाचायचं. आणि तीही ह्या माणसाने शर्यत करून टाकली होती.

डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्याशी सोडून ताई तडक भावाच्या घरी गेल्या. दार वहिनींनी उघडलं. ताईंचा चेहरा बघूनच त्या म्हणाल्या, "मी नाही हं सांगणार."

"मी अजून तोंड तरी उघडलंय का?"

"अध्यक्षांचा मलाही फोन आला होता. तुम्हीच सांगा, ताई. तुम्ही सांगून आपल्या घरी जाल. मला ह्याच घरात राहायचंय त्यांच्याबरोबर." मग वहिनींचा आवाज खाली आला. "कारखाना सुटल्यापासून बोलणंच कमी झालंय हो. खिडकीशी बसतात. शनिवार आला की दाढी करतात, शर्टाला इस्त्री मागतात. ढोल काढून घेतलात तर मी त्यांना शनिवारी उठवू कशासाठी?"

आता हे ऐकल्यावर माणसाने करायचं काय? ताईंना वहिनींचाही राग आला, अध्यक्षांचा आला, पोस्टातल्या बाईंच्या घोट्याचासुद्धा आला.

दादा आतल्या खोलीत ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पत्रे ठोकायच्या कारखान्यात काढली, त्यामुळे ऐकू कमी यायचं. सोयीपुरतंच कमी येतं, असं ताईंचं मत होतं. यंत्र लावा म्हटलं की कानावर हात.

"दादा, मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की, चिंगे."

भावाच्या तोंडाकडे बघून सांगायची हिंमत काही होईना. ताई खिडकीशी गेल्या आणि बाहेरच्या वाळत घातलेल्या चादरीला सांगायला लागल्या. ढोल धावतो, लोक दमतात, बाई पडल्या, तुझंही वय झालं, सगळ्यांनी असं ठरवलंय की... एका दमात सगळं सांगून त्या वळल्या.

"हो हो," दादा मान हलवत म्हणाले. "तसंच करू."

"तसंच करू? तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? चल, उशीर होतोय." आणि त्यांनी ढोल खांद्याला लावला!

ताई बघतच राहिल्या. एवढा जिवाचा आटापिटा करून सांगितलं आणि ह्या माणसाने नेहमीसारखं हो हो करून वाटेला लावलं. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. नाच झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हणत त्या मुकाट्याने गाडीची किल्ली शोधायला लागल्या.

दालनात पाऊल ठेवलं आणि बघतात तो काय, कोपऱ्यात स्पीकर आणून ठेवलेला. वर टेबलक्लॉथ टाकलेला, जणू झाकलं की तो दिसणारच नव्हता. अध्यक्षांनी लांबूनच भुवया उडवून विचारलं, सांगितलंत? ताईंनी तोंड फिरवलं. दादा भिंतीशी आपल्या स्टुलावर बसले, ढोल गुडघ्यांत घेतला, आणि मंडळींनी हात धरले.

सुरुवात बरी झाली. औषधवाल्याने संथ सुरावट धरली, ढोल तिच्याबरोबर चालू लागला, गोल डावीकडे सरकला. दोन फेऱ्या झाल्या नसतील, तोच ताईंना जाणवलं, आला वेग. थोडासाच, पण आला. मागे राहायला नको म्हणून त्यांनी पाऊल जरा लवकर टाकलं. ढोल आणखी पुढे. त्यांनी आणखी लवकर टाकलं. ढोलाला आणखीच चेव. बासरी किंचाळायला लागली. गोलातल्या कोणाची तरी चप्पल उडाली. "अरे देवा," असं कोणीतरी पुटपुटलं, पण ढोलाला नाही, देवालाच.

आणि ताईंचं डोकं फिरलं. बस्स झालं! सकाळपासून ह्याच्यापायी लोकांचे फोन घ्या, वहिनींचं रडगाणं ऐका, चादरीशी बोला, आणि हा आपला धावतोय! बोलायचं नाही ना? नाही बोलत. त्यांनी दोन्ही बाजूंचे हात झटकले आणि चालू नाचातून बाहेर पडून भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या. गोलातून असं कोणी कधी निघून गेलं नव्हतं. पहिल्या जागेवरचं तर नाहीच नाही.

पहिली जागा शेजारच्या अध्यक्षांकडे आली. त्यांची पावलं म्हणजे आनंदच होता. डावं कुठलं हेच त्यांना बऱ्याचदा खाली बघून ठरवावं लागे. आणि ढोल अडखळला. एक थाप पडली, दुसरी उशिरा पडली, तिसरी भलतीकडेच. औषधवाला खुणेने, मानेने, डोळ्यांनी सांगत होता की मी इथे आहे, इथे. दादा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते गोलाकडे बघत होते, खाली, पायांकडे. ह्या पायांवरून त्या पायांवर त्यांची नजर फिरत होती, आणि चेहरा गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा झाला होता.

ताई खुर्चीतच ताठ झाल्या. हा शोधतोय. काय शोधतोय? मग दादांची नजर भिंतीपाशी आली, खुर्चीवर आली, ताईंच्या पायांवर येऊन थांबली.

ह्याला बासरी ऐकूच येत नाही. काहीच येत नाही. हा माझ्या पायांकडे बघून वाजवतोय.

म्हणजे ढोल धावतो म्हणून त्या पाय उचलत होत्या, आणि त्यांचे पाय उचलले जातायत म्हणून ढोल धावत होता. वर्षभर! दोघं एकमेकांच्या मागे लागलेली, आणि मधल्या मधे बिचाऱ्या पोस्टातल्या बाईंचा घोटा गेला. आणि बोलायचं नाही म्हणून कोणी एका शब्दाने विचारलं नाही. हसावं की रडावं, ताईंना कळेना. आधी तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्या उठल्या. अध्यक्षांना बाजूला सरकवून पुन्हा पहिल्या जागी शिरल्या. पाऊल टाकलं. थाप पडली. पाऊल टाकलं, थाप पडली. मग त्यांनी मुद्दाम पाय हवेत जरा जास्त धरला. ढोल थांबला, वाट बघितली, आणि पाय टेकताक्षणी वाजला. आता रडत बसायला सवड कुठे होती? बासरी ऐकायची, तिच्या मापाने पाय टाकायचे, घाई करायची नाही, डोळे मिटायचे नाहीत. संथपणे गोल फिरायला लागला. औषधवाल्याला श्वास पुरला. कितीतरी महिन्यांनी नाच जिथे संपायचा तिथे संपला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष लगबगीने आले. "सांगितलंत तर! आणि बघा, मनावर घेतलं त्यांनी. इच्छा असली की माणसाला सगळं जमतं."

"हो ना," ताई म्हणाल्या.

"मग त्या स्पीकरचं काय करू या?"

"घरी न्या. त्याच्या तालावर डावं-उजवं पाठ करा."

मंडळी पांगल्यावर ताई दादांच्या स्टुलासमोर उकिडव्या बसल्या, अगदी तोंडासमोर तोंड आणून. दादांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. इतकी वर्षं तो आपल्या तोंडाकडे असाच बघत आलाय, हे त्यांना आत्ता दिसलं.

"कधीपासून?"

दादांनी ढोलावरची धूळ पुसल्यासारखं केलं. तिथे धूळ नव्हती. "कारखान्यात असतानाच बासरी गेली. मग माणसांची बोलणी गेली. ढोल तेवढा छातीत लागतो. पण गाणं कुठवर आलं ते कळत नाही गं. ते तुझ्या पायांवरून कळतं."

"मग सांगायचं होतंस ना, मेल्या! मी तुझ्यामुळे धावत होते!"

"आणि मी तुझ्यामुळे. म्हटलं, हिला झालंय काय, एवढी कसली घाई?"

"अरे, पण सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तू नाचली नसतीस. माझ्यासाठी पाय टाकत बसली असतीस." दादांनी मान खाली घातली. "आज टाकत होतीस तशी. आज तू नाचली नाहीस, चिंगे. मला दिसलं."

खरंच होतं ते. आणि पुढच्या शनिवारी तसंच होणार होतं, त्याच्या पुढच्याही. हे दोघांनाही कळलेलं होतं, आणि तरी त्या येणार होत्या.

"औषधवाला हल्ली कसा वाजवतो गं?" दादांनी विचारलं. "ऐकून युगं झाली."

"बरा वाजवतो."

"खरं सांग."

"भिकार वाजवतो."

दादा मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी वाकून ताईंच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "रडतेस काय?"

"रडत नाहीये," ताई शब्द न् शब्द त्याला दिसेल असा सुटा करून म्हणाल्या. "वैतागलेय!"

आणि त्यांनी ढोलाची एक बाजू उचलली.