वाढप्याचा कान

मी एक जुना रेग्युलेटर आहे, मित्रांनो. पण पंख्याचा नव्हे आणि गॅसच्या सिलिंडरचाही नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोंदियाजवळच्या गोरेगावात माझे स्वागतच या घोटाळ्याने झाले. २००८ सालच्या उन्हाळ्यात माझे पार्सल उघडले, तेव्हा चंद्रावतीबाईंनी मला तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिले आणि नवऱ्याला विचारले, "अजी, आपल्या सिलेंडरले तं हा बसत नाही. काऊन मागवला?"

"तो गाडीचा होय," डोमनलालजी म्हणाले. "पेट्रोलचा दाब सांभाळते."

"एवढूसा?"

मुठीएवढाच आहे मी. दूर कोइंबतूरच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मला कोरून काढले, अंगावर निळा रंग चढवला, पोटात एक रबरी पडदा आणि वर एक स्प्रिंग बसवली. कपाळावर दाब दाखवणारा छोटा काटा आहे. त्याचा मला फार अभिमान.

डोमनलालजींचे गॅरेज खरे म्हणजे ट्रॅक्टरचे आणि धान मळायच्या यंत्रांचे. पण कोपऱ्यात एक बुटकी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार उभी असे. नागपूरच्या कुणा हौशी माणसाने तिला टर्बो बसवला होता आणि थोड्याच दिवसांत इंजिनातला पिस्टन वितळवून टाकला होता. ती गाडी डोमनलालजींनी ओढून आणली. ती पुन्हा उभी करायची आणि मुलीने, सोनिकाने, ती शर्यतीत चालवायची, असा बापलेकीचा बेत. चंद्रावतीबाईंची अट एकच होती: "यावेळी इंजन बसलं तं गाडी भंगारवाल्याले. मंग मले कोनी समजवायचं नाही."

आता माझे काम सावकाश समजून घ्या. टाकीतला पंप इंजिनाला लागते त्याहून जास्तच पेट्रोल पुढे ढकलतो. मी त्याचा दाब हवा तेवढाच राखतो आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत पाठवतो. आणि टर्बो? तो इंजिनात हवा कोंबणारा पंखा. पण कोंबलेली हवा पेट्रोलच्या फवाऱ्यालाही उलट रेटते. म्हणून हवेचा जोर जेवढा वाढेल, तेवढाच पेट्रोलचा जोर मला वाढवावा लागतो. नाही वाढवला, तर इंजिनाला हवा पुष्कळ आणि पेट्रोल कमी मिळते, ते आतून तापते आणि पिस्टन वितळतो. हवेचा जोर मला कळतो तो एका बारीक नळीतून. ती इंजिनाच्या हवेच्या वाटेपासून माझ्या डोक्यापर्यंत येते. तोच माझा कान.

सोनिकाने हे आईला समजावले, तेव्हा चंद्रावतीबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "म्हंजे हा पंगतीतला वाढप्या होय. पाहुण्याची भूक पाहून वाढते, अन उरलं ते परत नेते."

"हो वो आई! अन टर्बो आला का पाहुण्याची भूक वाढते."

त्या दिवसापासून माझे नाव वाढप्या पडले. मला ते रेग्युलेटरपेक्षा जास्त आवडले.

किती मजेचे दिवस होते ते! सकाळी रस्ता रिकामा असला की सोनिका गाडी बोदलकशाच्या तलावाकडे काढी. शेजारी बसून डोमनलालजी इंजिनाचा आवाज ऐकत. टर्बो शीळ घाली आणि माझा काटा त्याच्याबरोबर वर चढे. तिने पाय सैल केला की खाली उतरे. एकदाही मी कमी वाढले नाही आणि एकदाही सांडले नाही.

मग २०११ च्या हिवाळ्यात धान घरात आले, आणि त्याच्या मागोमाग उंदीर. एकाने माझी नळी कुरतडली. तशी जाड नळी गोरेगावात मिळेना. डोमनलालजींनी घरात पडलेली सलाईनची नळी कापून बसवली आणि म्हणाले, "उद्या बदलू." गावातल्या रस्त्यावर टर्बोला पुरता जोर लावावा लागत नसे, म्हणून निभावले. तो उद्या काही उगवला नाही. उगवला तो शर्यतीचा दिवस.

गोंदियाच्या बाहेर मोकळ्या मैदानावर शर्यत होती. एका वेळी एकच गाडी सुटायची, प्रत्येकाला दोन फेऱ्या, आणि त्यातली चांगली धरायची. शेजारचे राइस मिलवाले भैय्यालाल खास मोटरसायकलवरून बघायला आले होते. "काय रे डोमन, पोरगी गाडी चालवते, का गाडी पोरीले?" ते मोठ्याने म्हणाले आणि आजूबाजूचे हसले.

पहिली फेरी सुरू झाली. सरळ पट्ट्यावर सोनिकाने पाय पुरता दाबला. टर्बोने जोर लावला. उष्णतेने मऊ झालेली ती नळी फुगली आणि निसटली. मी एका क्षणात बहिरा झालो. पाहुणा ओरडून मागत होता आणि मी आपला आधीइतकेच वाढत राहिलो. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज इंजिनातून येऊ लागला. पुढे मैदान मोकळे होते, लोक टाळ्या वाजवत होते. तरी तो आवाज ऐकताच सोनिकाने पाय उचलला. गाडी घरंगळत कडेला जाऊन थांबली.

शिट्ट्या सुरू झाल्या. भैय्यालाल पुढे आले. "गया पिस्टन! वहिनीले आताच फोन लावू का?"

डोमनलालजी गाडीकडे धावले. त्यांचा चेहरा उतरला होता. सोनिकाने बॉनेट उघडले, वाकून पाहिले आणि म्हणाली, "बाबूजी, पिस्टन नाही. वाढप्याले ऐकूच नाही आलं." नळी लोंबत होती.

डोमनलालजींनी स्पार्क प्लग काढला. टोक जास्त तापल्याने पांढरे पडू लागले होते, पण शाबूत होते. इंजिन वाचले होते.

"मीच टाळलो बाई," ते हळूच म्हणाले. "आता चांगली नळी कोठून आणू?"

सोनिकाची नजर मोटरसायकलकडे गेली.

"माह्या गाडीकडे काऊन पाहून राहिली?" भैय्यालाल म्हणाले.

"काका, पेट्रोलचा पाइप पायजे."

"अन मी घरी कसा जाऊ?"

"मी सोडून देतो ना. स्पोर्ट्स कारनं," सोनिका म्हणाली.

भैय्यालालांनी डोके खाजवले, मग स्वतःच वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला. "घे. पन मले घेऊन हळू चालवजो, हां!"

जाड काळा पाइप माझ्या डोक्यावर बसला, क्लिप आवळली, आणि मला पुन्हा ऐकू येऊ लागले. दुसऱ्या फेरीत सोनिकाने पाय दाबला तसा हवेचा जोर थेट माझ्या पडद्यावर आदळला. पाहुणा जेवढे मागत होता, तेवढे मी वाढत गेलो. काटा थरथरलासुद्धा नाही.

ती तिसरी आली. लोक तिच्याकडे धावले, डोमनलालजी प्लगकडे. टोक भाजलेल्या भाकरीसारखे फिकट तपकिरी होते, म्हणजे पेट्रोल नेमके पुरले होते. त्यांनी घरी फोन लावला.

"सोनिकाची आई, तिसरी आली पोरगी!"

"ते राहू द्या. इंजन?"

"मस्त. तुह्या वाढप्यानं बरोबर वाढलं."

मित्रांनो, पुढे मला पुष्कळ शाबासकी मिळाली, पण ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

२०१६ साली माझा पडदा कडक झाला आणि माझ्या जागी नवा आला. काही दिवस मी फळीवर धूळ खात पडलो. मग गॅरेज सोनिका पाहू लागली, आणि तिने आरीने माझ्या अंगाला एक खिडकी पाडली. आता शिकायला येणारी मुले त्या खिडकीतून माझा पडदा नि स्प्रिंग पाहतात. कापला गेलो, पण कामातच आहे.

तुमच्याकडे सायकल असेल, पाण्याचा पंप असेल. त्यातली एखादी लहानशी नळी वा वॉशर "उद्या बदलू" म्हणून राहिली असेल, तर आज बदला. मोठी यंत्रे अशा लहानांचेच ऐकून चालतात.

भैय्यालाल अजून कधीमधी येतात आणि माझ्या डोक्यावर तसाच राहिलेल्या पाइपच्या तुकड्याकडे बोट दाखवतात. "माहा पाइप कवा देशील वो पोरी?"

"काका," सोनिका म्हणते, "वाढप्याचा कान कापू का?"